माल्टचा जव : खत आधी ठरतं, पाणी नंतर येतं

मागच्या वेळी आपण 'चांगले' या शब्दावर बोललो. चांगला चाकू कोणता, हे चाकू कशासाठी आहे त्यावर ठरतं, असं ॲरिस्टॉटलच्या आधाराने मी सांगितलं होतं. त्यावर एका श्रोत्यांनी कळवलं, "सर, तुमची उदाहरणं फार सोपी असतात. चाकू कापतो आणि विषय संपतो. जिथे चांगलं-वाईट ठरवताना खरोखर अडायला होतं असं एखादं घ्या." सूचना रास्त आहे. म्हणून आज शेतातलं एक उदाहरण घेतो आणि सगळा वेळ त्याच्यावरच घालवतो. माल्टसाठी पिकवायच्या जवाला खत किती द्यायचं आणि पाणी कधी द्यायचं, हा आजचा विषय.

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने युरियावर बोलावं का, असं कुणाच्या मनात येईल. माझा एक जुना विद्यार्थी राजस्थानात सीकरच्या बाजूला शेती करतो. निवृत्तीनंतर हिवाळ्यात मी त्याच्याकडे जाऊन राहतो. तिथे जे पाहिलं, ऐकलं आणि मग वाचून पडताळलं, ते सांगतो.

आधी जव म्हणजे काय ते स्पष्ट करू. मराठीत आपण त्याला सातूही म्हणतो. गंमत अशी की आपल्याकडे घरोघरी जे सातूचं पीठ करतात, त्यात बऱ्याचदा सातू नसतोच. भाजलेले गहू आणि डाळं असतं. नाव राहिलं, धान्य बदललं. आणि हा घोळ जुना आहे! मीमांसेत यावर एक अधिकरणच आहे. जैमिनीच्या सूत्रांवरच्या शाबरभाष्यात प्रश्न येतो : 'यव' म्हणजे लांब कुसळांचं धान्य, की काही लोक म्हणतात तसं प्रियंगु, म्हणजे राळ्यासारखं धान्य? निर्णय लांब कुसळांच्या बाजूने लागतो आणि त्यासाठी एका वैदिक वाक्याचा आधार घेतात. त्याचा आशय असा, की बाकीच्या वनस्पती कोमेजतात तेव्हा हे पीक आनंदात उभं असतं.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आजची अडचण तिथूनच सुरू होते. जव हे काटक पीक. गव्हापेक्षा कमी पाण्यावर येतं, खारवट जमीन आणि खारवट पाणीही गव्हापेक्षा जास्त सोसतं. म्हणून शेतकरी म्हणतो, "जवाला काय पाणी लागतं?" खाण्यासाठी किंवा गुरांसाठी पिकवायचा असेल तर हे बरोबर आहे. माल्टसाठी नाही. पीक जगणं वेगळं आणि ठरावीक प्रतीचा दाणा भरणं वेगळं.

आता माल्ट. हा शब्द ऐकला की लोकांना फक्त बीअर आठवते. पण दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीही त्यातूनच होतात. आणि क्रिया तर आपल्या आजीला ठाऊक होती. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. झालं नाचणी सत्त्व. माल्ट कारखान्यात जवाचं हेच करतात : भिजवणं, चार-पाच दिवस मोड येऊ देणं, मग गरम हवेने वाळवून ती वाढ थांबवणं. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात, ती पुढे पिठुळ भागाची, म्हणजे स्टार्चची साखर करतात. १८३३ साली पायां आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधूनच 'डायस्टेज' वेगळं काढलं. वेगळं काढलेलं ते पहिलं विकर.

म्हणजे कारखान्याला दाण्यातून मुख्यतः स्टार्च हवा असतो. प्रथिन वाढलं की त्या प्रमाणात स्टार्च घटतो आणि अर्क कमी निघतो. शिवाय जास्त प्रथिनाचा दाणा टणक असतो, पाणी हळू पितो, पुढे पेय गढूळ होण्याचा त्रासही होतो. मग प्रथिन अगदी कमी असलं तर उत्तम का? तेही नाही. विकरं ही प्रथिनंच आहेत आणि आंबवणाऱ्या यीस्टलाही नत्र लागतं. म्हणून मर्यादा दोन्हीकडून आहे. आपल्याकडे साधारण ९ ते ११ टक्के प्रथिन चांगलं समजतात. त्याच्या थोडं वर चालवून घेतात, १३ म्हटलं की मान हलते. जोडीला दाणा टपोरा हवा, २.५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिला पाहिजे, आणि शंभरातल्या निदान ९५ दाण्यांना मोड यायला हवेत. दाणा फुटका किंवा मेलेला असेल तर माल्ट होतच नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या शेजाऱ्याची हकीकत सांगतो. बियाणं तेच, जमीन बांधाला बांध लागून, करार एकाच कंपनीशी. शेजाऱ्याने चार पाण्यांचा हिशेब धरून युरिया भरपूर दिला. पीक असं हिरवंगार की रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. फेब्रुवारीत ट्रान्सफॉर्मर जळला. दुरुस्त होऊन यायला बारा दिवस लागले. जव पोटरीतून बाहेर पडून दाणा भरायच्या वेळेला विहिरीत पाणी असून शेत कोरडं. नंतर पाणी दिलं, पीक उभंही राहिलं, कोमेजलं नाही, शाबरभाष्यातल्या वाक्यासारखंच. पण कारखान्याच्या फाटकावर नमुना घेतला तर प्रथिन १३ च्या वर आणि चाळणीखाली बारीक दाण्यांचा ढीग. गाडी परत. तो माल पशुखाद्याच्या भावात गेला, आणि भाड्याचा खर्च वरून.

त्याचा प्रश्न साधा होता : "मी खत वाढवलं नाही, मग प्रथिन कसं वाढलं?"

त्याने खत ठरल्यापेक्षा जास्त दिलं नव्हतं, हे खरं आहे. उत्तर समजायला थोडं गणित करावं लागेल. प्रथिनाची टक्केवारी म्हणजे भागाकार. दाण्यातलं नत्र मोजायचं, त्याला ६.२५ ने गुणायचं, म्हणजे प्रथिन आलं. समजा एका हेक्टरवरच्या पिकाने दाण्यात ७० किलो नत्र साठवलं. (हेक्टर म्हणतो, कारण राजस्थानात बिघा दर जिल्ह्यात वेगळा!) उत्पादन ४० क्विंटल आलं, तर ४००० किलोंत ७० किलो, म्हणजे १.७५ टक्के नत्र. प्रथिन जवळजवळ ११ टक्के. सुरेख माल. आता पाणी चुकलं आणि दाणा बारीक राहून उत्पादन ३० क्विंटलवर आलं. नत्र तेच ७० धरलं तर प्रथिन साडेचौदाच्या वर जातं. कुणी म्हणेल, पाणी नसेल तर नत्रही कमी उचललं जाईल. मान्य. ७० ऐवजी ६० धरू. तरी साडेबारा. आणि उलट, पाणी आणि हवा दोन्ही उत्तम मिळून ५० क्विंटल झाले, तर त्याच ७० किलोंत पावणेनऊ टक्के, म्हणजे खालच्या मर्यादेच्याही खाली.

खत वरच्या आकड्यावर काम करतं आणि पाणी मुख्यतः खालच्या. नत्राचा मोठा भाग पीक दाणा भरण्याआधीच पाना-खोडात साठवतं आणि नंतर दाण्यात पोचवतं. स्टार्च मात्र दाणा भरण्याच्या काळातच तयार होतो, त्या वेळच्या उन्हावर आणि ओलाव्यावर. तेव्हा ताण पडला की स्टार्चचं नुकसान जास्त होतं, नत्राचं कमी. शेजाऱ्याचं प्रथिन वाढलं नव्हतं. दाणा भरलाच नव्हता.

यात खरी पंचाईत वेळेची आहे. वरचा आकडा डिसेंबरमध्ये ठरतो, खालचा मार्चपर्यंत ठरत राहतो. एकदा घातलेला युरिया काढून घेता येत नाही. म्हणून माझ्या मते माल्टच्या जवाचं खत ठरवताना पहिला प्रश्न खताचा नसतोच. पहिला प्रश्न असा : फेब्रुवारीअखेरपर्यंत किती पाळ्या पाणी मी खात्रीने देऊ शकतो? विहिरीला किती आहे, वीज कधी येते, पंप कुणाबरोबर वाटून घेतला आहे, हे सगळं त्यात आलं. मिळालं तर मिळेल असं पाणी हिशेबात धरायचं नाही.

आता आकडे. ओलिताखालच्या माल्टच्या जवाला आपल्याकडे शिफारस आहे ती साधारण हेक्टरी ९० किलो नत्र, ४० किलो स्फुरद, २० किलो पालाश अशी. खाण्याच्या किंवा चाऱ्याच्या जवाला नत्र ६० किलो सांगतात. नवख्याला हे उलटं वाटतं : प्रथिन कमी हवं तर माल्टलाच नत्र जास्त का? कारण माल्टचे दोन ओळींचे वाण तीन-चार पाण्यांवर जास्त उत्पादन देतील असं गृहीत आहे. भागाकाराचा खालचा आकडा मोठा धरला आहे. ते गृहीतक तुमच्या शेतात लागू नसेल तर ९० हा आकडाही तुमचा नाही. दोनच पाण्यांची खात्री असेल तर ६०-७० किलोंच्या पुढे जाऊ नये, असं मी म्हणेन.

गोण्यांत सांगायचं तर स्फुरदासाठी ८७ किलो डीएपी लागतं, त्यातून जवळजवळ १६ किलो नत्र येतं. उरलेल्या ७४ किलोंसाठी युरिया १६० किलो, म्हणजे ४५ किलोंच्या साडेतीन गोण्या. डीएपीतलं नत्र बरेच जण मोजतच नाहीत, तिथेच १६ किलो जास्त पडतात.

नत्र दोन हप्त्यांत द्यायचं : अर्धं पेरणीला, अर्धं पहिल्या पाण्याच्या वेळी, म्हणजे ३० ते ३५ दिवसांनी, जमीन वाफशावर आली की. तेव्हा फुटवे येत असतात, नत्र फुटव्यांच्या आणि ओंब्यांच्या कामी येतं, उत्पादन वाढतं. वाळूच्या जमिनीत नत्र पाण्याबरोबर खाली निघून जातं, तिथे हप्ते तीन करावेत, पण तिसराही ४५ दिवसांच्या आत. ओंबी दिसल्यावर दिलेला युरिया दाण्यांची संख्या वाढवत नाही, तो दाण्यातलं साठ्याचं प्रथिन वाढवतो. गव्हाच्या शेतकऱ्याला तेच हवं असतं, पोळीसाठी प्रथिन चांगलं. म्हणजे तोच युरिया, तीच वेळ. शेजारच्या गव्हात गुण आणि जवात दोष. मागच्या व्याख्यानातला चाकू इथे आठवा हवं तर. वर्षानुवर्षं गहू केलेल्या माणसाचा हात शेवटच्या युरियाकडे आपोआप जातो आणि माल्ट तिथे बिघडतो.

जमिनीत आधीचं किती नत्र आहे हेही पाहायला हवं. खरिपात मूग किंवा गवार होती तर जमीन थोडं नत्र मागे ठेवते, तिथे खत कमी करावं. बाजरीनंतर उलट, धसकटं कुजताना जमिनीतलं नत्र काही काळ अडकवून ठेवतात. माती तपासून घेतलेली बरी, आणि वरच्या वितीचीच नको, दोन फुटांपर्यंतची. जवाची मुळं तिथवर सहज जातात.

आणि आता एक गोष्ट, जी मला स्वतःला सगळ्यात उद्बोधक वाटली. आपण खत आणि पाणी असे दोन शब्द वापरतो म्हणून त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत असं धरून चालतो. पण विहिरीच्या पाण्यात नायट्रेट असतं, आणि राजस्थानात अनेक ठिकाणी भूजलात ते बरंच असतं. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यात निव्वळ नत्र साधारण १० मिलिग्रॅम. एका पाळीला ६० मिलिमीटर पाणी दिलं, म्हणजे हेक्टरी ६ लाख लिटर, तर त्याबरोबर ६ किलो नत्र गेलं. विहिरीत मर्यादेच्या दुप्पट नायट्रेट असेल तर १२ किलो. चार पाळ्यांत ४८ किलो! म्हणजे शिफारशीच्या निम्म्याहून जास्त नत्र न विकत घेता, न मोजता शेतात आलं. त्यातला निम्मा भाग शेवटच्या दोन पाण्यांबरोबर, म्हणजे नेमका नको त्या वेळी. अशा विहिरीवर युरिया बराच कमी करायला हवा. पाण्याचा एक नमुना तपासायला खर्च फारसा येत नाही, पण करतं कोण? माती परीक्षण आता लोकांना माहीत झालं आहे. पाण्याचं करायचं तर ते पिण्यासाठी, असाच समज आहे.

पाण्याच्या पाळ्या. पहिली ३० ते ३५ दिवसांनी, फुटव्यांच्या वेळी. दुसरी ६५ ते ७० दिवसांनी, पीक पोटरीत असताना. ही चुकवू नये, कारण जवात परागीकरण बहुधा ओंबी पोटरीतून पुरती बाहेर येण्याआधीच होतं; ओंब्या दिसल्यावर पाणी द्यायला धावणारा उशिरा पोचलेला असतो. तिसरी ९० ते ९५ दिवसांनी, दाणा दुधात असताना. हलक्या जमिनीत मध्ये एखादी जास्त. दोनच पाणी असतील तर पहिल्या दोन पाळ्या धराव्यात.

थांबायचं कधी? दाणा दुधातून मऊ कणकेसारखा झाला की जमिनीत ओल असेल तर पुरे. त्यानंतरच्या पाण्याने दाणा वाढत नाही. पीक लोळतं, कुसळं काळवंडतात, कापणी लांबते. लोळलेल्या पिकात दाणा अर्धवट भरतो आणि ओली ओंबी जमिनीला टेकून शेतातच मोड येण्याची भीती असते. एकदा मोड आलेला दाणा कारखान्यात पुन्हा मोड आणायला काय कामाचा? जास्त युरियाचं उंच, मऊ पीक आणि वाऱ्याच्या दिवशी दिलेलं पाणी, या दोन गोष्टी एकत्र आल्या की लोळणं ठरलेलं. मार्चमधलं पाणी वारा पडल्यावर, रात्री द्यावं असं तिथले जुने लोक सांगतात. त्यांचं खरं आहे.

एक गोष्ट कागदावर दिसत नाही, ती म्हणजे सरासरी. शेताचं प्रथिन ११ टक्के आलं म्हणून सगळं बरं चाललंय असं नाही. साऱ्याच्या तोंडाशी पाणी साचतं, शेवटाला पोचत नाही. तोंडाशी दाणे ९ चे, शेवटाला १३ चे, सरासरी ११. कारखान्यात मात्र दाणे एकाच टाकीत भिजतात. कुणी लवकर पाणी पितो, कुणी उशिरा. काहींना मोड येऊन गेलेले असतात, काही अजून टणकच. सरासरीचा दाणा असा एकही त्या ढिगात नसतो. म्हणून जमीन सपाट करणं आणि सारे आखूड ठेवणं यावर केलेला खर्च मला खतावरच्या खर्चापेक्षा शहाणपणाचा वाटतो. सीकरकडे वाळूच्या जमिनीत तुषार सिंचन बरंच आहे, त्यानेही एकसारखेपणा येतो, फक्त वाऱ्यात चालवू नये.

शेवटी एक बाजू आहे ती शेतीशास्त्राच्या पुस्तकात येत नाही. करारात लिहिलेलं असतं प्रथिन इतकं, टपोरेपणा इतका, ओल १२ टक्क्यांच्या आत. सगळ्या अटी दाण्याच्या. दाणा ज्यावर अवलंबून आहे त्या पाण्याबद्दल, विजेबद्दल एक ओळही नसते. कंपनी बियाणं देते, सल्ला देते, भावही बाजारापेक्षा थोडा बरा देते. हे मी नाकारत नाही. पण सल्ल्याप्रमाणे ९० किलो नत्र घालायला सांगायचं आणि त्यामागचं चार पाण्यांचं गृहीतक सांगायचं नाही, म्हणजे भागाकाराची जोखीम एकाच्या गळ्यात घालणं झालं. सल्ला देणाऱ्याने 'इतकं खत' न म्हणता 'इतकं पाणी असेल तर इतकं खत' असं म्हणायला पाहिजे. तर्कशास्त्रात याला सोपाधिक विधान म्हणतात. शेतात त्याची किंमत एका गाडीएवढी असते.

आता दोन-तीन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न : महाराष्ट्रात माल्टचा जव होईल का? पीक येईल. पण आपला हिवाळा आखूड, फेब्रुवारीतच ऊन चढतं, आणि दाणा भरताना उष्णता आली की पाण्याच्या ताणाने होतं तेच होतं, दाणा बारीक आणि प्रथिन जास्त. हरयाणा, पंजाब, उत्तर राजस्थानची थंडी लांब टिकते म्हणून तो पट्टा. वाणाबद्दल नक्की विचारायचं तर कर्नालच्या भारतीय गहू आणि जव संशोधन संस्थेकडे विचारावं, किंवा जयपूरमधल्या दुर्गापुऱ्याच्या कृषी संशोधन संस्थेत.

दुसरा : पीक पिवळं दिसलं तर साठाव्या दिवशी थोडा युरिया द्यावा का? आधी पिवळं का आहे ते बघा. पाणी साचून मुळं गुदमरली तरी पीक पिवळं पडतं, गंधक कमी असलं तरी पडतं. पाणी साचल्यामुळे असेल तर युरिया वाया जाईल. आणि ते पिकाला लागलंच, तर प्रथिनात जाईल.

तिसरा प्रश्न चांगला आहे : प्रथिन जास्त निघालेल्या मालाचं करायचं काय? पशुखाद्यात प्रथिन जास्त असणं चांगलंच समजलं जातं, तिथे तो द्यावा. पण महत्त्वाचं ते आधीचं. प्रत्येक शेताचा, आणि साऱ्याच्या तोंडाचा व शेवटाचा, ढीग वेगळा ठेवा. गाडी भरण्याआधी प्रत्येक ढिगाचा नमुना तपासून घ्या. माझ्या विद्यार्थ्याच्या शेजाऱ्याने पुढच्या वर्षी तसं केलं. पाच ढीग होते, त्यातले तीन कारखान्यात गेले आणि दोन त्याने गावातल्या गोठ्यांना विकले, भाड्याशिवाय.